लाल रकान्यातली हवा

मी एक फाईल बोलतेय. कागदाची नव्हे, फडताळात धूळ खाणारी तर मुळीच नव्हे. मी संगणकातली फाईल. माझ्या पोटात तेरा वर्षांची हवा आहे. हवा म्हणजे तिचे आकडे, तासाला एक ओळ. तुम्हाला ऐकूनच जांभई येईल. पण कुणीतरी आपल्याला तेरा वर्षं तासातासाला भरवतंय, हे सुख ज्याला मिळतं त्यालाच कळतं.

माझा जन्म एका पंपघराच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत झाला. आत यंत्रं, एक खुर्ची आणि मान हलवताना कुरकुरणारा टेबलफॅन. यंत्रं बाहेरची हवा ओढायची, तिच्यातला एकेक वायू मोजायची आणि वायरीतून आकडा माझ्याकडे धाडायची. हे सगळं सांभाळायला एकच माणूस. गल्लीत त्यांना सगळे हवावाले म्हणत. "काय हवावाले, आज कशी आहे हवा?" असं कुणी विचारलं की ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "तुमची स्कूटर चालू होईपर्यंत बरी होती."

माझं नाव त्यांनीच ठेवलं, 'हवा_नवीन_फायनल_२'. पहिली फायनल कुठे गेली, देव जाणे. रकान्यांना त्यांनी वायरींच्या रंगांची नावं दिली. लाल, निळा, पिवळा, पांढरा. लाल म्हणजे ओझोन, निळा म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. त्यांना ते तोंडपाठ होतं आणि दुसरं कुणी विचारायलाच येत नव्हतं.

पाचव्या वर्षी खोलीला रंग द्यायचं निघालं. हवावाल्यांनी सगळ्या वायरी काढल्या आणि रंग वाळल्यावर परत जोडल्या. त्यात लाल वायर निळीच्या जागी गेली, निळी लालच्या. पुढचे आठ महिने मी एकाचे आकडे दुसऱ्याच्या रकान्यात मांडत राहिले. मला कळत होतं हो. ओझोन दुपारच्या उन्हात वाढतो, नायट्रोजन डायऑक्साइड गाड्यांच्या गर्दीत, सकाळ-संध्याकाळ. माझ्या पोटात सगळं उलटं चाललं होतं. पण फाईलला तोंड कुठे असतं?

आठ महिन्यांनी धूळ पुसताना त्यांच्या ते लक्षात आलं. नोकरी कायम होण्याचा त्यांचा कागद नेमका तेव्हाच साहेबांच्या टेबलावर होता. कुणाला ताकास तूर लागू न देता त्यांनी वायरी सरळ केल्या. आकडे मात्र तसेच राहिले. माझा त्यांच्यावर राग नव्हता, पण वाईट वाटलं, हे खरं.

पुढे ते निवृत्त झाले, यंत्रं गेली, खोलीला कुलूप लागलं. मी एका कार्यालयाच्या खणात, संगणकाला जोडायच्या काडेपेटीएवढ्या डबीत पडून राहिले. सहा वर्षं कुणी हाक मारली नाही.

मग एक संशोधक बाई आल्या. गावोगावची हवेची मोजमापं त्या एका जागी आणत होत्या. त्यांचं निम्मं आयुष्य नावं लावण्यातच जात होतं. एकीकडे 'ओझोन', दुसरीकडे 'ओझ', तिसरीकडे नुसता आकडा, त्यात मोजायचं एकक प्रत्येकाचं वेगळं. म्हणून हवा मोजणाऱ्या मंडळींनी मिळून एक यादी ठरवली होती. कुठल्या वायूला काय म्हणायचं, कशात मोजायचं, जमिनीपासून किती उंचीवर मोजलं ते कुठे लिहायचं, सगळं त्यात होतं. माझा 'लाल' बघून बाईंनी कपाळाला हात लावला. पण मला टाकणं त्यांना परवडणारं नव्हतं. तिथला रस्ता रुंद होण्याआधीची हवा कशी होती, हे सांगणारी मी एकटीच उरले होते.

त्यांनी हवावाल्यांना बोलावलं. ते काठी टेकत आले, सोबत त्यांची बायको.

"काका, लाल म्हणजे काय?"

"ओझोन. निळा नायट्रोजन डायऑक्साइड. पिवळा कार्बन मोनॉक्साइड, पांढरा तापमान."

"मग पाचव्या वर्षी हे आठ महिने असे कसे? तुमचा ओझोन दुपारी झोपतो आणि ऑफिसच्या वेळेला जागा होतो."

हवावाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "फार वर्षं झाली. आठवत नाही."

"मला अंदाज आहे," बाई म्हणाल्या, "पण अंदाजाने नाव लावायचं नाही, असं आमचं ठरलंय. मोजणाऱ्याने सांगायला हवं. नाहीतर अख्खी फाईल बाजूला ठेवावी लागेल."

संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात काकू बोलल्या, "अहो, खोली रंगवली त्यानंतरचं का हे? पुढे काही महिन्यांनी तुम्ही आठवडाभर धड जेवला नव्हतात. विचारलं तर म्हणालात, आमटी खारट झालीय. माझी आमटी कधी खारट झालीय का?"

हवावाल्यांनी पडद्यावरच्या 'लाल'वर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बाई, 'लाल'च्या जागी आता तुम्ही काय लिहिणार?"

"हवेतील ओझोनचं प्रमाण. जगात कुणीही वाचलं तरी तेवढंच समजेल."

"म्हणजे लोक ते खरं धरून चालणार."

"हो."

"लाल होतं तोवर खपून गेलं." त्यांनी काठी टेबलाला टेकवली. "वायरी मीच उलट्या लावल्या. कळल्यावर सरळ केल्या, पण बोललो नाही. भीती वाटली. रंगाच्या वेळी दोन दिवस ओळी कोऱ्या असतील बघा. आणि आठ महिन्यांनी एकच तास कोरा. त्या दोन कोऱ्या जागांच्या मधलं सगळं उलटं आहे."

बाईंनी शोधलं. दोन दिवस कोरे सापडले, मग तो एक तासही. त्यांनी मधले आकडे आपापल्या रकान्यात नेले आणि माझा ओझोन पुन्हा दुपारी जागा झाला. माझ्या जिवात जीव आला. काकूंनी हवावाल्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मोजणाऱ्याचं नावही लिहावं लागतं," बाई हळूच म्हणाल्या.

"चुकीपुढे का?"

"तेरा वर्षांपुढे, काका."

त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, शाळेत हजेरीला सांगावं तसं.

आता मी मोठ्या संग्रहात राहते. भारदस्त नाव आहे, शेजार चांगला आहे. मला भरवणाऱ्या त्या हातांचे आणि मला टाकून न देणाऱ्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्याकडे अशी एखादी अडगळीतली फाईल असेल तर तिच्या माणसाला एकदा विचारा. तो आहे तोवरच विचारा.

परवा दूरच्या एका विद्यार्थिनीने मला उघडलं. आधी वरची टीप वाचली: 'पाचव्या वर्षी आठ महिने दोन वायरी उलट होत्या. मोजणाऱ्याने स्वतः सांगितल्यावरून आकडे दुरुस्त केले.' आता ही मला मिटणार, असं वाटून मी श्वास रोखून बसले. तिने टीप पुन्हा एकदा वाचली. मग ती माझ्या पहिल्या ओळीवर आली आणि सगळी तेरा वर्षं उतरवून घेऊ लागली.