सेव्हेरिनचा अर्धा आटा

वेंडेलिनने बूट स्कीला अडकवायची नवी पकड आपल्या स्कीदुरुस्तीच्या दुकानात बाकावर उलटसुलट करून पाहिली, तिची टाच अंगठ्याने एका बाजूला दाबली आणि ती टाच खरंच बाजूला सरकली तेव्हा नाक मुरडलं.

"ही काय बूट धरणार? हिला तर सुटायचीच घाई दिसते."

त्याची मुलगी आफ्रा दारात बुटांवरचं बर्फ झटकत होती. "गुडघा पिरगळला की सुटावी म्हणूनच तशी केलीय, बाबा."

"पकड धरायला असते. उद्या म्हणतील, अपघात झाला की चाकं निखळून पडणारी गाडी घ्या."

"जुन्यासुद्धा सुटतातच की."

"सुटतात. पुढून बाजूला, मागून वर. मागूनसुद्धा बाजूला सुटायची हौस कुणाला होती?"

हौस कुणाला होती ते दोघांनाही ठाऊक होतं. आफ्रा डोंगरावरच्या बचाव पथकात होती. उतारावर जायबंदी झालेल्यांना घसरगाडीत बांधून खाली आणायचं तिचं काम. तिच्या डाव्या गुडघ्यातला बंध दोनदा फाटला होता. दुसऱ्यांदा शिवताना इन्सब्रुक शहरातल्या डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं, तिसऱ्यांदा माझ्याकडे येऊ नकोस, आणि बर्फाकडेही जाऊ नकोस. त्यावर आफ्रा उन्हाळाभर पाठीवर दगडांची पिशवी घेऊन कुरणाचा चढ चढत राहिली. डिसेंबरातला संत निकोलसाचा सण होऊन गेला होता. रविवारी लोकांना डोंगरावर नेणारे तारेवरचे पाळणे सुरू होणार होते आणि रविवारी ती पथकाचा लाल कोट घालून वर जाणार होती. तिला अडवायची कुणाची टाप नव्हती, बापाचीही नाही. कुठल्या पकडीवर जाणार, एवढाच प्रश्न उरला होता.

वेंडेलिनचा संशय निव्वळ म्हातारपणाचा नव्हता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यातली गत. त्याचा धाकटा भाऊ सेव्हेरिन ऐन तारुण्यात काळ्या कड्याखालच्या गोठलेल्या उतारावर गेला तो असाच. वळता वळता, काही कारण नसताना, एका पायाची स्की सुटली आणि तो थेट खडकांवर गेला. ती पकड वेंडेलिनने बसवली होती, किती जोराने सुटावी ते सांगणाऱ्या कागदावरच्या आकड्याला तंतोतंत. त्या काळच्या पकडीच तशा होत्या, असं सगळे म्हणाले. वेंडेलिनला ते पटलं नाही. तेव्हापासून तो आकड्यापर्यंत स्क्रू पिळायचा आणि वर अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, आणखी द्यायचा, पकड सहज सुटू नये म्हणून.

हळूहळू ती खोऱ्याचीच रीत झाली. लोक त्याला सेव्हेरिनचा अर्धा आटा म्हणत. पोरांच्या स्की न्यायला आलेल्या आया पैसे काढण्याआधी विचारत, "वेंडल, सेव्हेरिनचा दिलास ना?" आणि तो म्हणे, "दिला." चर्चमध्ये भावाच्या नावाने मेणबत्ती लावणं त्याला कधी जमलं नाही, हा अर्धा आटाच त्याची मेणबत्ती होता.

"दोन जोड आणलेस ना? एक माझ्या स्कीवर बसवतो," वेंडेलिन म्हणाला. "आधी मी वापरून बघणार. विनाकारण एकदा जरी सुटली, तर सरळ शेगडीत घालीन."

"आणि नाही सुटली तर?"

"तर रविवारी तू जा तिच्यावर."

"शब्द देतोस?"

"दिला. पण आधी मी."

पाळणे अजून बंद होते, म्हणून त्याला रोज सकाळी वर न्यायचं काम कोर्बिनियनकडे आलं. कोर्बिनियन उतारावरचं बर्फ दाबायचं यंत्र चालवायचा आणि वेंडेलिनची थट्टा करायचा; दोन्ही कामं तो वर्षानुवर्षं इमानाने करत आला होता.

"या वयात लोक गुडघ्याला मलम चोळत बसतात," तो म्हणाला. "तू मोडायला निघालास."

"तू पुढे बघून चालव."

वेंडेलिनने पकडीला जिणं नकोसं केलं. काचेसारख्या बर्फावर तिला खडखडवलं, उंचवट्यांवरून उड्या मारल्या, मुद्दाम अडाण्यासारखी वळणं घेतली. काळ्या कड्याखालच्या उतारावर तर तो सेव्हेरिन गेल्यापासून फिरकलाही नव्हता; तिथेही गेला आणि घाबरत घाबरत, पण पुरता खाली उतरला. पकड सुटली नाही. रोज दुपारी कोर्बिनियनच्या घरी रश्शातल्या गोळ्यांवर ताव मारताना त्याचं तोंड आदल्या दिवसापेक्षा लांब झालेलं असे. चूक सापडत नाही म्हणून इतका चिडलेला माणूस कोर्बिनियनने पाहिला नव्हता.

"मग झालं की," तो म्हणाला. "पोरीला सांग, धरते म्हणून."

"धरते हे कळलं. सुटते का ते कुठे कळलंय?"

ते कळायला एकच वाट होती, पडायचं. तेही दणकून नाही. सावकाश, मागे, वाकड्या अंगाने, सगळा भार उताराकडच्या पायाच्या आतल्या कडेवर टाकून. आफ्रा दुसऱ्यांदा पडली ती अशीच, पाळण्याच्या रांगेजवळ, जवळजवळ उभ्या उभ्या. इतक्या मऊ पडण्याने गुडघा जातो यावर कुणाचा विश्वासच बसला नव्हता.

शनिवारी आफ्राही वर आली. बापाला थांबवण्यात अर्थ नाही हे ती जन्मापासून जाणून होती, म्हणून तिने मोडलेला पाय बांधायचा पट्टा आणि फळ्या नुसत्या बरोबर घेतल्या.

वेंडेलिन उतारावर आडवा उभा राहिला, हळूच खाली घसरला, मागे बसला आणि डाव्या अंगावर कलला. स्की एकीकडे वळली, तो दुसरीकडे. पकड सुटली नाही. गुडघ्यातून एक कळ थेट मांडीत गेली आणि तो बर्फावर दात आवळून पडून राहिला.

"पाहिलंस?" श्वास आल्यावर तो म्हणाला. दुखत होतं तरी आवाजात विजय होता. "तुझी ती हुशार पकड. पाहिलंस ना?"

आफ्राने आधी गुडघा चाचपला. मुरगळला होता, फाटला नव्हता. मग तिचा चेहरा उतरला. उन्हाळाभर वाहिलेले दगड, लाल कोट, उद्याचा रविवार, सगळं तिला हातातून जाताना दिसलं. बूट सोडवायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"बाबा, कागदावर आकडा कोणता होता?"

"जो होता तोच लावलाय."

"नाही लावलेला."

तो कोपरावर उठून बसला. पकडीच्या खिडकीतला काटा आकड्याच्या पुढे होता, फार नाही. तो अर्धा आटा दिल्याचं वेंडेलिनला काहीच आठवत नव्हतं. डोक्याला न विचारता हाताने देऊन टाकला होता, आयुष्यभर देत आला तसा.

यंत्रातून उतरून कोर्बिनियन जवळ आला. त्याने पाहिलं आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

"तू दुसऱ्यांदा पडलीस तेव्हा," वेंडेलिन म्हणाला, "तुझ्या स्कीला पण मीच..."

"ती जुनी पकड होती. ती मागून बाजूला सुटायचीच नाही. अर्धा आटा कमी असता तरी काही झालं नसतं, कदाचित."

"कदाचित," तो म्हणाला.

तिला आणखी काही बोलता आलं असतं. ती बोलली नाही आणि त्याबद्दल त्याला तिची इतकी माया वाटली की त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. मग त्याने कोर्बिनियनकडे हात पुढे केला.

"पेचकस आण."

"आता पुरे, बाबा. गुडघा सुजतोय."

"डावा सुजतोय. उजवा शाबूत आहे." त्याने पेचकस घेतला आणि मुलीच्या हातात दिला. "दोन्ही पायांचे काटे तू लाव. माझ्या हाताचा मला भरवसा नाही."

"मी नाही पडू देणार तुला."

"मग उद्या मी तुला नाही जाऊ देणार. अर्धवट तपासलेल्या वस्तूवर मी माझी पोर पाठवत नसतो."

हट्ट कुणाकडून आपल्याकडे आला हे तिला ठाऊक होतं. तिने बसकण मारली, आणि दोन्ही काटे मागे फिरवून आकड्यावर आणले.

वेंडेलिन कोर्बिनियनच्या खांद्याला धरून उठला, लंगडत दिशा बदलली आणि उजव्या अंगावर तसाच सावकाश पडला. खट्ट असा बारीकसा आवाज झाला. स्की बाजूला होऊन बर्फात ब्रेकचे दात रोवून थांबली आणि त्याचा पाय मोकळा, सरळ पडला. तो आकाशाकडे बघत निपचित राहिला.

"लागलं?" आफ्राने विचारलं.

"नाही." मग उठून बसत तो म्हणाला, "एकदा सुटली म्हणजे काही सिद्ध होत नाही."

"नाही होत."

"पण शब्द दिलाय."

रविवारी सकाळी दुकानात गर्दी होती. भिंतीला खोऱ्यातल्या स्की रांगेने टेकल्या होत्या, पकडी बसवून, पिळून तयार. वेंडेलिन बांधलेला पाय स्टुलावर ठेवून बसला होता. आफ्राने लाल कोट घालून स्वतःची पकड स्वतः लावली. तिचं होईपर्यंत त्याने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते. ती आकड्यावर थांबली, बापाकडे पाहिलं आणि स्की खांद्यावर टाकून बाहेर पडली.

नातवाच्या स्की न्यायला आलेला कोर्बिनियन सवयीने बोलून गेला, "सेव्हेरिनचा दिलास ना?" बोलल्यावर त्याने जीभ चावली.

वेंडेलिनला वाटलं, आता भावाचं या खोऱ्यात काही उरणार नाही. तरीही तो उठला.

"दिला होता," तो म्हणाला. "आता काढतो. सगळ्यांचा. थांबा, कुणी जाऊ नका."

त्याने रांगेतली पहिली स्की बाकावर घेतली, भावाचं नाव घेतलं आणि स्क्रू अर्धा आटा मागे फिरवला. मग दुसरी घेतली.