कुठलंही काम

घोटावड्याच्या एका कारखान्यात शंभू क्रेन चालवायचा. दोन वर्षांमागं क्रेनवरून उतरताना पाय सटकला, मणका दबला, आणि तेव्हापासून त्याला घटकाभराच्या वर बसवेना. नशिबानं कारखान्यानं कामगारांचा विमा काढला होता. त्यातून दरमहा पगाराचा काही भाग यायचा. या महिन्यात तो अचानक बंद झाला.

भरे गावात शंभूच्या घरातली एक खोली भाड्यानं घेऊन राहणारी किमया हिंजवडीला नोकरी करायची. शंभूच्या बायकोनं, साधनानं, पॉलिसी आणि विमा कंपनीचं पत्र तिच्याकडून वाचून घेतलं.

"दादा, पहिली दोन वर्षं क्रेन चालवणं जमत नव्हतं, तेवढ्यावर भागलं," किमया म्हणाली. "आता अट बदलली. कुठलंही काम जमत नसेल तरच पैसे."

"कुटलंबी म्हंजी?"

"विमावाले म्हणतात, तुम्हाला गेटवर बसून नोंदी ठेवता येतील."

"बसून!" शंभू अंथरुणातनंच ओरडला. "बसवत न्हाई, ह्योच तर माझा रोग हाय!"

विमा कंपनीला फोन लावला की आधी गाणं वाजायचं, मग दर वेळी नवा माणूस यायचा. शंभू पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचा. पलीकडचा म्हणायचा, "तुमची अडचण समजते, सर," आणि फोन बंद. शेवटी गाडीच्या मागच्या सीटवर आडवा होऊन शंभू साधनाबरोबर विमा कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात गेला.

साहेब मीटिंगमध्ये होते. "बसा," असं सांगून शिपाई निघून गेला. शंभू बसला. कळ पायापर्यंत उतरली, कपाळावर घाम आला. मग तो सरळ खाली फरशीवर आडवा झाला.

मनीष नावाचे साहेब लगबगीनं बाहेर आले. "अहो, इथं झोपू नका, लोक येतात!"

"मग कुटं झोपू? तुमच्या गेटवर?"

साधनानं पुढं केलेले कागद चाळून मनीष म्हणाले, "आमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासलं, त्या अहवालात स्पष्ट लिहिलंय, 'बसू शकतो.'"

"डॉक्टरनं इचारलं, बसता येतं का. मी म्हनलो, येतं. किती येळ, ते त्यानं इचारलंच न्हाई!"

साधना म्हणाली, "साहेब, आता तुमी डोळ्यानं बघताय की."

"माझ्या बघण्यानं काही होत नाही, ताई. फेरतपासणी मागा. तोवर काही देता येत नाही."

फेरतपासणी व्हायला दिवाळी उलटून गेली. मधल्या काळात साधना पिरंगुटच्या खानावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागली. नव्या डॉक्टरनं मात्र शंभूला खरंच खुर्चीत बसवून ठेवलं, आणि त्याला उठवायला दोघं लागली. मग कुठं विम्याचे पैसे पुन्हा सुरू झाले.

"पन दरसाल तपासनी व्हनार," साधनानं सांगितलं.

"म्हंजी पुढल्या साली बी मी खोटारडाच?"

तिनं त्याच्या कमरेखाली उशी सारली आणि कामावर जायला निघाली.