दार आपोआप बंद झालं

एकोणीस वर्षं मी भुतं लिहिली. दर महिन्याला एक, ‘घुबड’ या नावानं. घुबड हे आमच्या मासिकाचं ठेवणीतलं नाव. माझ्याआधी ते एका निवृत्त स्टेशनमास्तरांकडे होतं, ते गेले आणि माझ्या गळ्यात पडलं. दिवसभर मी त्याच मासिकाची प्रुफं तपासते, म्हणजे घुबडाच्या चुका घुबडच काढतं. वाचकांची समजूत अशी, की घुबड म्हणजे कोणी दाढीवाला, रात्रभर जागणारा गूढ पुरुष. मी बावन्न वर्षांची, गुडघे दुखणारी, साडेनऊला झोपणारी बाई आहे.

गेल्या वर्षी एके सकाळी संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला.

“ताई, हे बघा. फुकट आहे. बटण दाबायचं की भयकथा बाहेर!”

त्यांनी दाबलं. पडद्यावर कथा उमटली. मिट्ट काळोख होता. दूर कुठंतरी कुत्रं रडत होतं. डॉक्टरनं ओसाड बंगल्याचं दार ढकललं. तो आत गेला आणि दार आपोआप बंद झालं. पुन्हा दाबलं. डॉक्टरच्या जागी वकील आला, बंगल्याच्या जागी बंद पडलेला दवाखाना, कुत्र्याच्या जागी वारा. दार पुन्हा आपोआप बंद. मी खो खो हसत होते. तिसऱ्यांदा दाबलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. समोर माझीच कथा होती, गेल्याच अंकातली. फक्त नर्सची शिक्षिका झाली होती.

“चोरली की काय मेल्यांनी?” मी म्हटलं.

“चोरतील कशाला? चार रकाने आहेत नुसते. कुठे, कोण, काय दिसलं, शेवटी काय कळलं. यंत्र डोळे मिटून प्रत्येकातून एकेक चिठ्ठी उचलतं.”

हेच तर वर्मी लागलं. कुठलीही चिठ्ठी कुठल्याही चिठ्ठीशेजारी चालत होती. यंत्राला डोकं लावायची गरजच नव्हती, कारण वाचकाचं डोकं आधीच तयार होतं. कुत्रं रडलं की त्यानं घाबरायचं, आरसा आला की मागं बाई उभी, म्हातारा नोकर फार बोलला की तो मेलेला. हे सगळं वाचकाला शिकवलं कोणी? आम्हीच की!

संपादकांचं म्हणणं वेगळंच होतं. पुढच्या अंकात दोन कथा छापायच्या, एक यंत्राची, एक माझी. माणसाची कुठली ते वाचकांनी ओळखायचं. ओळखली, तर घुबड बंद आणि यापुढं कथेवर माझं खरं नाव.

“आणि नाही ओळखली तर?”

“तर घुबड यंत्राला देऊ. तुम्ही आपली प्रुफं बघा.”

मी क्षणात हो म्हटलं. मला माझं नाव छापून हवं होतं. उगाच नम्रपणाचा आव कशाला आणू? एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या नावानं लिहिलं की आपण आहोत की नाही असं वाटायला लागतं. आणि आईला ते दाखवायचं होतं, तिला अक्षरं ओळखू येतात तोवर.

रविवारी कागद घेऊन बसले आणि ते बटण साठ वेळा दाबलं. यंत्र जे जे देईल ते ते कागदावर लिहायचं आणि आपल्या कथेत येऊ द्यायचं नाही, असा माझा बेत. काळोख गेला, वारा गेला, आरसा, कुत्रं, करकरणारं दार, शेवटचा धक्का, सगळं गेलं. दुपारपर्यंत माझ्याकडे काहीच उरलं नाही. मग एक गोष्ट ध्यानात आली. साठ कथांमध्ये दार पन्नासेक वेळा बंद झालं होतं, पण ते कुणी लावलं नव्हतं. माझ्याही एकोणीस वर्षांत एकदाही कुणी लावलं नव्हतं.

आणि मी तर रोज सकाळी नऊ वाजता एक दार लावते.

आईला विसर पडायला लागून चार वर्षं झाली. पहिल्यांदा ती घराबाहेर गेली तेव्हा चौकात सापडली, दुसऱ्यांदा थेट बस डेपोत, अनवाणी. डॉक्टरांनी मलाच झापलं, “मोकळं सोडू नका.” सोबतीला बाई ठेवली, तिला आईनं हाकलून लावलं. दुसरी ठेवली, ती आपणहून पळाली. नोकरी सोडावी तर दोघींनी खायचं काय? इकडे आड, तिकडे विहीर. तेव्हा मी दाराला बाहेरून कडी-कुलूप बसवून घेतलं. दुसरी किल्ली शेजारच्या शिंपीणकाकूंकडे असते, त्या दुपारी येऊन आईला जेवू घालतात. हे मी कचेरीत कुणाला सांगितलेलं नाही. काय तोंडानं सांगू?

तेच लिहिलं. एक बाई आईला न्हाऊ घालते, वेणी घालते, खिडकीशी बसवते, बाहेर येते आणि कुलूप लावते. संध्याकाळी येऊन उघडते. बस. भूत नाही, किंकाळी नाही. म्हटलं, हे कुठल्या रकान्यातून येणार? वाचक पहिल्या पानावरच ओळखतील.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

निकाल लागला. सातशेतल्या साडेसहाशे वाचकांनी यंत्राची कथा माणसाची ठरवली. त्यांची पत्रं प्रुफासाठी माझ्याच टेबलावर आली. एकानं लिहिलं होतं, “पहिली कथा आपल्या घुबडाचीच! कुत्रं रडलं तिथंच ओळखलं.” माझ्या कथेबद्दल एका मास्तरांचा शेरा होता, “दुसरीत वातावरणच नाही. म्हातारीचं शेवटी काय झालं, हे यंत्राला सुचलेलं दिसत नाही.” आणखी एक बाई म्हणाल्या, “पोटची मुलगी असं कुलूप लावेल का? माणसाच्या काळजाची यंत्राला काय कल्पना!” ते पत्र मी चार वेळा वाचलं. एक काना चुकला होता, तो दुरुस्त केला.

राग कुणावर काढणार? माणूस ओळखायची खूण आम्हीच त्यांना देऊन ठेवली होती.

संपादक तसे वाईट नाहीत. म्हणाले, “ताई, म्हातारी बारा वर्षांपूर्वीच मेलेली होती असं शेवटी टाकलं असतं ना, तर तुम्ही जिंकला असता.” मी म्हटलं, “हो, राहिलं खरं.” दुसरं काय बोलणार? नावही गेलं आणि घुबडही गेलं.

पुढच्या महिन्यापासून यंत्राच्या कथा माझ्याकडे तपासायला येऊ लागल्या. पहिलीची प्रुफं मी घरी आणली. प्रुफं मोठ्यानं वाचायची माझी जुनी सवय, डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला कळते. संध्याकाळी आईला चहा दिला आणि तिच्यासमोर बसून वाचायला लागले. ती बशी धरून छान ऐकत होती. कुत्रं रडलं, वारा सुटला, वकील खोलीत गेला.

“आणि त्याच्या पाठीमागं दार आपोआप बंद झालं,” मी वाचलं.

“आपोआप कसं होईल?” आई म्हणाली. “काहीतरीच तुझं. कोणीतरी लावतं.”

मी प्रुफं खाली ठेवली. “कोण लावतं, आई?”

“आहे एक. कामावर जाते ती. रोज सकाळी लावते.” तिनं चहाचा घोट घेतला. “आणि लावून लगेच जात नाही गं. उभी राहते बाहेर. पावलं वाजत नाहीत ना, म्हणून कळतं मला. खूप वेळ उभी राहते बिचारी.”

हे मी कथेत लिहिलं नव्हतं. कुलपावर हात ठेवून मी रोज तशीच उभी असते. कधी पाच मिनिटं, कधी बस चुकेपर्यंत. लिहायची लाज वाटली होती.

“मग तू हाक का नाही मारत तिला?” मी विचारलं.

“नको गं. हाक मारली तर तिचा पाय निघायचा नाही.” तिनं बशी माझ्या हातात दिली. “तुला भेटली तर सांग तिला. म्हणावं, उभी राहू नकोस. जा. उशीर होतो.”

“सांगते,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी कुलूप लावलं आणि थांबले नाही. मुद्दाम पाय आपटत जिना उतरले, तिला ऐकू जावं म्हणून. खालच्या पायरीपर्यंत कसंबसं रडू आवरलं.