आमच्या दोघींची ओव्हर

क्रिकेटच्या ओव्हरचं मी बोलत नाहीये. आमच्या आयसीयूत ड्यूटी संपवून घरी निघालेली सिस्टर ड्यूटीवर आलेल्या सिस्टरला घेऊन प्रत्येक बेडपाशी उभी राहते आणि पेशंटचं सगळं तिच्या कानावर घालते, त्याला ओव्हर देणं म्हणतात. बाहेर बाकड्यावर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना आम्ही एकच सांगतो, "स्टेबल आहे." खरं काय ते ओव्हरमध्ये. लघवी कमी झालीय, मुलगा भेटून गेला की बीपी चढतं, जेवण उशीखाली लपवतो, सगळं. तिथे खोटं बोलायचं नाही, हे आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षीच घोटून शिकवलेलं असतं.

मी सुवर्णा. द्वारका चौकाजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. संध्या माझ्याच बॅचची, दिंडोरीची. होस्टेलवर आमच्या खाटा शेजारी शेजारी. माझी सकाळपाळी आणि तिची दुपारपाळी असली की मी ओव्हर तिला द्यायचे.

कुंभमेळा झाला त्या वर्षी मला ते सुरू झालं. इंजेक्शन भरताना एकदम छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, घशाला कोरड. आता आपण मरतो, अशी माझी खात्रीच पटली. संध्याने पडदा ओढून माझा ईसीजी काढला. अगदी नॉर्मल. मला तर त्या पट्टीचाच राग आला. इतकी मरायला टेकलेली बाई, आणि कागदावर त्याचा मागमूस नाही.

मग ते वरचेवर यायला लागलं. हातून चुकीचं औषध जाईल, ही भीती मनात घर करून बसली. इंजेक्शनच्या अँप्यूलवरचं नाव मी वाचायचे, पुन्हा वाचायचे, मोठ्याने वाचायचे. फोडताना परत. मुली आपसात हसायच्या, "सुवर्णाताईंची पोथी सुरू झाली." हसू देत, मला फरक पडत नव्हता.

माझी आई, गोजराबाई, मखमलाबादला मेथी-कोथिंबीर पिकवते. तिने मीठ-मोहरी ओवाळून टाकली आणि म्हणाली, "लय नजर लागली तुला." हे सातपूरला कंपनीत. ह्यांचं म्हणणं, एवढा त्रास होतो तर नोकरी सोड. सोड म्हणे. आयसीयू हीच एक जागा होती जिथे माझ्यावाचून कुणाचं तरी अडायचं. आणि आमच्याकडची रीत मला ठाऊक होती. आधी एका सिस्टरला डोक्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू असल्याचं कळलं, तेव्हा मेट्रनबाईंनी तिला फार प्रेमाने लिनन रूममध्ये बसवलं होतं. चादरींच्या घड्या घालायला. ती पुन्हा पेशंटपाशी कधी आलीच नाही. म्हणून माझं कुणाला कळता कामा नव्हतं.

संध्याला मात्र कळलं होतं. तिनेच मला सांगितलं की याला पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात, हा भीतीचा झटका आहे, याने माणूस मरत नाही. तिनेच मला कॉलेज रोडच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. शेवटच्या बेडची ओव्हर झाली की औषधांच्या कपाटापाशी ती माझं मनगट धरून म्हणायची, "आता तुझं सांग." मीही पेशंटचं सांगावं तसं माझं सांगायचे. आज द्वारकेच्या चौकात स्कूटी बाजूला लावून उभी राहिले. आज ट्रे हातातून सुटता सुटता राहिला. अ‍ॅटॅक आला की श्वास हळूहळू सोडायचा आणि डोळ्यांसमोर जे दिसतंय ते डावीकडून एकेक सांगत जायचं, हे तिनेच शिकवलं. किडनी ट्रे, कापूस, स्पिरिट, कात्री. मला बरं वाटायला लागलं होतं. हे नाकारण्याइतकी मी कृतघ्न नाही.

एकदा तिला मी असं काही सांगितलं, जे ह्यांनाही ठाऊक नव्हतं. साईला, माझ्या पोराला, ताप आला की औषध पाजायला मी घाबरते. बाटलीवरचं नाव ह्यांना वाचायला लावते आणि अक्षर बारीक आहे असं कारण देते. नर्स असून स्वतःच्या पोराच्या तोंडात चमचा घालायची मला भीती वाटते. सांगताना मी ढसाढसा रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

संध्या तेव्हा नोकरी सांभाळून पुढची पदवी करत होती. शनिवारी दुपारी हॉलमध्ये सगळ्या नर्सेससाठी वर्ग होता: चिंतेचे आजार आणि शुश्रूषा. केस संध्या मांडणार होती. पुढच्या रांगेत मेट्रन देवरेबाई आणि तिच्या कॉलेजच्या ट्यूटर. पडद्यावर अक्षरं उमटली. श्रीमती क्ष, विवाहित, नोकरदार.

मी चांगली मान डोलावत ऐकत होते. बिचारीचं माझ्यासारखंच आहे, असं मनात आलं. मग संध्या म्हणाली की ही बाई वस्तूवरचं लेबल पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचते. आणि पुढची ओळ आली: स्वतःच्या मुलाला औषध पाजण्याची भीती, पतीला अक्षर बारीक असल्याचे कारण.

नाव आणि बेड नंबर काढला की गुपित राखलं, असा आमच्यात नियम आहे. पण आम्ही नावाने ओळखतो कुणाला? उशीखाली जेवण लपवणारे काका, पाण्याला नको म्हणणारी आजी, अशीच तर आमची माणसं असतात. हॉलमध्ये एकही मान माझ्याकडे वळली नाही. सगळ्याजणी ठरवून पुढे बघत बसल्या.

आणि माझी छाती धडधडायला लागली. मी खुर्ची घट्ट धरली. संध्या धावत आली, माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"सुवर्णा, श्वास सोड. काय दिसतंय ते सांग. डावीकडून."

"खिडकी," मी म्हणाले. "फळा. मेट्रनबाई. पडद्यावर माझा साई." मग तिच्याकडे बघितलं. "आणि तू."

पुढच्या रांगेतून ट्यूटर सोबत आणलेल्या विद्यार्थिनींना हलक्या आवाजात सांगत होत्या, नर्सने आवाज किती शांत ठेवलाय, लक्ष द्या. आणि माझा श्वास खरंच जाग्यावर आला. जिने मला उघडं पाडलं, तिच्याच आवाजाने. त्याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

सोमवारी देवरेबाईंनी मला बोलावून चहा पाजला. उद्यापासून थोडे दिवस लिनन रूम, म्हणाल्या, तुझ्याच भल्यासाठी.

त्या दुपारी ओव्हर घ्यायला संध्याच आली. कपाटापाशी तिने माझी वाट अडवली. नाव कुठे घेतलं, म्हणाली. तुझ्यासारख्या कितीजणी गप्प बसून सोसत असतील, त्यांना कळायला हवं होतं. हे खोटं नव्हतं, तेही मला माहीत होतं.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

मी वाद घातला नाही. पहिल्या बेडपासून सुरुवात केली. सलाइन किती राहिलंय, कुणाचं ड्रेसिंग बदलायचंय, कोण भिंतीकडे तोंड करून रडतो. काही म्हणता काही वगळलं नाही. पेशंटचा काय दोष. शेवटचा बेड झाला. तिचा हात सवयीने माझ्या मनगटाकडे आला.

"आणि तुझं?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मी मनगट सोडवून घेतलं आणि पर्स खांद्याला लावली.

"स्टेबल आहे," मी म्हणाले, आणि निघाले.