पांढरी खडी

मला पांढऱ्या खडीची किळस येते. शेजारच्या अंगणात ती पसरली तेव्हा पहिल्या दिवशी मी नुसती बघत राहिले, दुसऱ्या दिवशी पडदाच ओढून घेतला. चाळीस वर्षं जिथं हिरवळ होती तिथं काळं प्लास्टिक, त्यावर ती पांढरीफटक खडी, आणि मधोमध ऐंशी फुटांचा रेडवूड. त्याचं सुईसारखं एक पान खडीवर पडायची खोटी, की रोंडा पानं उडवायचा ब्लोअर घेऊन हजर. भर्रर्र! हे झाड स्वतःचीच गळलेली पानं पायाशी अंथरून मुळं गार ठेवतं, हे त्या बाईच्या गावीही नव्हतं. शी!

रोंडा म्हणजे ऑडेल प्रुइटची मुलगी. ऑडेल शहाऐंशी वर्षांचा. गेल्या ऑक्टोबरात त्याचं कमरेचं हाड मोडलं आणि तो पेटालुमाच्या वृद्धाश्रमात गेला. हे झाड त्याच्या बायकोनं, जूननं, कॉफीच्या डब्यातून आणून लावलेलं. जाताना ते त्यानं माझ्या हवाली केलं, कारण तीस वर्षं मी झाडं छाटणाऱ्या टोळीबरोबर दोरावर लोंबकळले आहे. सोबत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबाही दिला.

"यात माझी कॅलेंडरं आहेत, व्हर्ना. कधी किती पाणी घातलं, सगळं लिहिलंय. बघून घे."

"बरं बरं," म्हटलं आणि डबा वॉशिंग मशीनवर ठेवला. म्हातारा मला झाडं शिकवणार!

किनाऱ्यावर या झाडांना पाणी घालायला कुणी जात नाही, उन्हाळाभर धुकंच त्यांना पाजतं. आमच्या सांता रोझात धुकं सकाळी तोंड दाखवतं आणि दहाच्या आत पळ काढतं. म्हणून इथं माणसानं घालायचं, तेही बुंध्याशी नाही. फांद्यांची टोकं जिथवर पोचतात त्या कडेनं पाझरणारी नळी गोल अंथरायची आणि दर दोन आठवड्यांनी चार-चार तास सोडायची. मग लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसायचा. मुठीपर्यंत आत गेला तर पाणी पोचलं. रोंडा एप्रिलमध्ये राहायला आली, मेमध्ये तिनं खडी टाकली, माझी नळी गुंडाळून कुंपणावरून परत दिली आणि बुंध्याला ठिबकची एक तोटी टेकवली. एक!

"हे काय लावलंयस, बाई?" मी कुंपणावरून विचारलं.

"ठिबक. पाणी वाचतं, व्हर्ना. दुष्काळ आहे ना."

"ऐंशी फुटांच्या झाडाला थेंब थेंब? हत्तीला चमच्यानं पाजतेस?"

"तुम्ही कशाला चिडता? डिझायनरनं आखून दिलंय सगळं."

"मग त्यालाच लाव तिथं. त्याला पुरेल तेवढं पाणी."

तिनं ब्लोअर सुरू केला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

जून महिन्याच्या मध्यावर झाडाचा शेंडा तपकिरी झाला. दर रविवारी मी ऑडेलला फोन करते, त्या रविवारी सगळं ओकले. खडी, प्लास्टिक, तोटी, आणि वर तिखटमीठ. "तुझ्या पोरीनं जूनचं झाड मारलं," म्हणाले. त्यानंतर त्यानं रोंडाचे फोन घेणं बंद केलं. ती दर रविवारी पेटालुमाला जायची, तर हा भिंतीकडे तोंड करून पडायचा. एकदा ती परत आली आणि त्याच्या धुण्याची पिशवी मांडीवर घेऊन गाडीतच रडत बसली. मी खिडकीतून पाहिलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, रड.

जुलैअखेर रोंडानं झाड तोडायचं ठरवलं. "बाबा बोलत नाहीत, आणि रोज उठून हेच बघायचं. नकोच ते," ती म्हणाली. मला वाटलं, खडीनंच मारलं याचा आता पुरावाच हवा, कागदावर लिहिलेला. म्हणून माझ्या टोळीतला जुना सोबती नाचो बर्मुडेस याला बोलावलं. तो अजून झाडावर चढतो, पोट सुटलंय तरी.

तो उतरला, हातात तीन डहाळ्या. रोंडा आत कॉफी करत होती.

"खडी कधी टाकली?"

"मे."

"मग खडी नाही." त्यानं डहाळी माझ्यासमोर धरली. "एप्रिलमध्ये इथं पोपटी टोकं फुटायला हवी होती. वरच्या पंधरा फुटांत एक फुटलेलं नाही. शेंडा त्याआधीच गेला होता, रंग उशिरा उतरला. खडीनं खालचंही मेलं असतं, वेळ लागला असता इतकंच. हिवाळ्यात पाणी कोण बघत होतं?"

मी डहाळी त्याच्या हातातून घेतली.

"व्हर्ना, जानेवारी-फेब्रुवारीत थेंब पडला नव्हता. नळी लावली होती ना कुणी?"

आमच्याकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. म्हणून नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात अख्खी गल्ली पाण्याचे टायमर बंद करते, आणि उन्हं तापेपर्यंत तिकडे ढुंकून बघत नाही. पडो न पडो. मीही बंद केला होता. तीस वर्षं दोरावर काढलेली मी!

घरी जाऊन डबा उघडला. धान्याच्या दुकानाची जुनी कॅलेंडरं. बहुतेक जानेवारी कोरे होते. पण कोरड्या वर्षांच्या जानेवारीत त्याचं ते गिचमिड अक्षर: 'पाऊस नाही. नळी, चार तास.' खाली परत: 'अजून नाही. परत चार.' एका पानावर: 'जून म्हणते, हिवाळ्यातच हे झाड फसवतं. हिरवं दिसतं आणि तहानलेलं असतं.'

मी तिथंच फरशीवर बसले. खडीची किळस मला माहीत होती. ही वेगळी होती, माझ्याच अंगाची घाण यावी तशी. गाडीत रडणारी ती बाई, आणि खिडकीत पडदा धरून उभी असलेली मी. थू माझ्या जिनगानीवर.

नाचोनं काही सांगितलं नसतं. मी रविवारपर्यंत थांबले असते तर कधीच बोलले नसते. तशीच उठले, शेजारी गेले आणि रोंडाच्या समोर, खडीत उभं राहून ऑडेलला फोन लावला.

"आज रविवार नाही," तो म्हणाला.

"ऑडेल, जानेवारीत मी नळी लावली नाही. फेब्रुवारीतही नाही. डबा आज उघडला. शेंडा रोंडा यायच्या आधीच मेला होता."

रोंडानं हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. फोनच्या पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"सहा रविवार," तो म्हणाला. "सहा रविवार माझी पोर इथून तशीच परत गेली."

"हो."

"खाली जीव आहे?"

"नाचो म्हणतो, आहे. ही खडी निघाली तर."

"मग काढ. आणि फोन तिच्याकडे दे. तुझ्याशी नंतर बोलेन. बोललो तर."

मी फोन पुढे केला. रोंडानं माझ्याकडे असं पाहिलं की मला मान वर ठेवता येईना. मग ती "बाबा?" म्हणाली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

मी गुडघ्यांवर बसले आणि हातांनीच खडी उपसायला लागले. उन्हानं ती तापली होती, बोटं भाजत होती. फावडं माझ्या गॅरेजमध्ये होतं, पण ते आणायला मी उठले नाही.