आईच्या बाजूची काच

मित्रांनो, मी एक वायपर आहे, गाडीच्या पुढच्या काचेवरचं पाणी आणि बर्फ पुसणारा. वायपर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जोडी येते, पण या जोडीतले दोघे सारखे असतीलच असं नाही. आमच्या गाडीत चालवणाऱ्यासमोरचा लांब, सव्वीस इंची होता आणि शेजारी बसणाऱ्यासमोरचा आखूड, अठरा इंची. तो आखूड मी. लांबड्याला मी दादा म्हणायचो. आता मी ओकव्हिलमधल्या एका घराच्या गराजात खिळ्याला लटकलो आहे. रबर फाटलं आहे, पाठीचा लोखंडी कणा गंजला आहे. काही मागायचं आहे म्हणून मी बोलत नाही. माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. तापलेल्या रबराचा वास आठवतो आणि माझ्या धारेवरून बोट फिरवून "ठीक" म्हणणारी एक बाई आठवते. त्या काळी माझी धार खरोखर देखणी होती. एकदा काचेवरून फिरलो की थेंब शिल्लक राहत नसे. गाडी नवी होती आणि तिचे मालक कपिल ढोके हौशी होते. मूळचे नागपूरचे, इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. पहिल्या पावसात ते आपणहून म्हणाले होते, "वा! काच आहे की नाही तेच कळत नाही." वायपरच्या जातीला याहून मोठी शाबासकी नाही.

इकडे थंडीत एक रीत आहे. बर्फ पडणार असं कळलं की लोक संध्याकाळी गाडी लावताना वायपर काचेवरून उचलून उभे करून ठेवतात. नाहीतर आम्ही काचेला चिकटून गोठतो. कपिलसाहेब उतरले की दादा त्यांच्या हाताशीच असे, त्याला ते उचलून ठेवत. माझ्याकडे यायला मात्र गाडीला वळसा घालावा लागे. उणे वीस अंशांत वळसा कोण घालणार? मी तसाच काचेवर पडून गोठायचो. माझी तक्रार नव्हती, धाकट्यांना याची सवय असते. पण फेब्रुवारीतल्या एका सकाळी साहेबांना उशीर झाला होता. त्यांनी काच खरवडली ती आपल्यापुरती आणि घाईत बटण दाबलं. दादा सुटला. मी बर्फात रुतलो होतो. यंत्राने मला ओढलं आणि माझं रबर मधोमध टरकन फाटलं.

त्या दिवसापासून मी पुसायचो कमी आणि फासायचो जास्त. रस्त्यावर टाकलेलं मीठ पुढच्या ट्रकच्या चाकांवरून उडून काचेवर येई आणि मी ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारवत नेई. समोरून दिवे आले की माझ्या बाजूच्या काचेवर नुसता पांढरा धुरळा. पण ते बघायला होतं कोण? त्या जागेवर साहेबांची डब्याची पिशवी बसायची. मुलगी कोमल कधी पुढे बसलीच तर तिचे डोळे फोनमध्ये. स्वातीताईंची, म्हणजे साहेबांच्या पत्नीची, नोकरी मॉन्ट्रियलला. त्या महिन्यातून दोनदा रेल्वेने यायच्या, स्टेशनहून चालत घरी यायच्या आणि दोन दिवस घराबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये साहेब थंडीचे वायपर घ्यायला दुकानात गेले. थंडीच्या वायपरच्या सांगाड्यावर रबरी पिशवीसारखं आवरण असतं, म्हणजे सांध्यांत बर्फ भरत नाही. दुकानातल्या माणसाने बाहेर येऊन आम्हा दोघांना हात लावून पाहिलं आणि त्याचं बोट माझ्या फाटक्या जागेवर थांबलं.

"भाईसाहब, जोडी में बदलो. ये छोटावाला तो गया."

"दे दो ना दोनों."

"अठारह इंच खतम है. अगले हफ्ते आएगा."

"ठीक है, अभी बडावाला लगा दो. छोटे के लिए आता हूँ मैं."

दादा गेला, त्याच्या जागी नवा, जाडजूड दादा आला. पुढचा आठवडा मात्र आलाच नाही. साहेब कंजूष नव्हते, वाईट तर मुळीच नव्हते. त्यांना समोरचं लख्ख दिसत होतं, म्हणून ते विसरले. एवढंच.

आणि नोव्हेंबरमध्ये कमलाबाई आल्या.

साहेबांची ही आई. कामठीच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. वडील गेल्यापासून ती नागपुरात एकटीच होती. आदल्या वर्षी तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. स्वातीताई लांब, साहेबांना कामाचा रेटा, कोमल घरात एकटी. त्यामुळे आजी येणार म्हणून घर आनंदलं होतं. चौदा एप्रिलची जयंती इथेच करायची आणि जमलं तर पुढे कायमचंच राहायचं, असं ठरलं होतं. साहेबांनी डब्याची पिशवी मागे टाकली आणि आईला पुढे बसवलं. माझ्यासमोर.

पहिल्याच दिवशी गाडीतून उतरल्यावर तिने मला पाहिलं. दादा उभा आणि मी आडवा. "याला काहून असंच ठेवलं?" म्हणत तिने मला हलकेच उचललं आणि स्वेटरच्या बाहीने पुसलं. पुढे ते तिचं रोजचं कामच झालं. इतक्या वर्षांत वळसा घालून माझ्याकडे येणारं ते एकच माणूस. मित्रांनो, मी तिच्याशीच दगा केला.

साहेबांना आईला सगळं दाखवायची भारी हौस. गाडी सरोवराच्या काठाने निघाली की ते बोट दाखवायचे. "आई, ते बघ, हरीण! दिसलं?" त्यांच्यासमोर नव्या दादाने पुसलेली आरशासारखी काच आणि तिच्यासमोर माझं सारवण. ती डोळे बारीक करायची, पुढे वाकायची. मग म्हणायची, "हो हो, दिसलं ना बाप्पा." तिला काहीच दिसलेलं नसायचं.

तिच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? काच तर एकच. त्याच काचेतून मुलाला हरणाचे कान दिसतात आणि आपल्याला रस्तासुद्धा दिसत नाही. म्हणजे दोष कोणाचा? घरात तिला पुस्तकातलं बारीक अक्षरही दिसे. पण थंडीत घराबाहेर पडायची ती गाडीतूनच, त्यामुळे "जवळचं राहिलं, लांबचं गेलं," असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

सहा डिसेंबरला ब्रॅम्प्टनला मंडळाचा अभिवादनाचा कार्यक्रम होता. चार वाजताच अंधारून आलं होतं आणि वरून बर्फाळ पाऊस लागला होता. महामार्गावर समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती मी एक मोठं धुरकट वलय काढत होतो. कमलाबाईंनी पदराखाली हात घट्ट आवळून धरले होते. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, दिव्यांभोवती वलय दिसलं तर एक दिवसही थांबायचं नाही. मी पूर्ण ताकदीनिशी पुसत होतो आणि जितका पुसत होतो तितकं ते वलय पसरत होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, आई, तुझे डोळे ठणठणीत आहेत गं, मी फाटलोय! पण वायपरला कुरकुरण्यापलीकडे आवाज नसतो. मी कुरकुरलो. साहेबांनी रेडिओ थोडा मोठा केला.

महिन्याभरात तिने परत जायचा विषय काढला. गाडीतच.

"कपिल, मला जानेवारीत धाडून दे बाबा. डोळे दाखवून येते. दिव्यांभोवती धुकं दिसून राहिलं."

"अगं, इथे अपॉइंटमेंट घेतो ना! लगेच परत कशाला?"

"इथे नको. ज्याने ऑपरेशन केलं त्यालाच दाखवते."

खरं कारण तिने घरात कोमलला सांगितलं असेल तर सांगितलं असेल, मला ते कळायला मार्ग नाही. पण एकदा गाडीत एकटीच बसली असताना ती स्वतःशी पुटपुटली ते मी ऐकलं. "परक्या मुलखात आंधळी होऊन पोराच्या गळ्यात धोंड नको." कोमल खूप रडली. "आजी, यू प्रॉमिस्ड! मी ड्रायव्हिंग शिकल्यावर तू माझ्या शेजारी बसणार होतीस." आजीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "येईन ना. शिकून तर ठेव तू."

विमानतळावर साहेब सामान काढत होते तेव्हा ती वळसा घालून माझ्याकडे आली. हातमोजे घालायचेही तिच्या ध्यानात नव्हते. उघड्या बोटांनी तिने माझ्यावरचा बर्फ काढला, मला सरळ उभं केलं आणि ती निघून गेली.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. साहेब गाडी चालवत होते, आवाज गाडीभर घुमला.

"डॉक्टर म्हणतात डोळे अगदी स्वच्छ आहेत. काहीच झालेलं नाही. इथे मला सगळं दिसते रे. कसं काय, मलाच समजत नाही."

साहेब म्हणाले, "तुला इथे करमत नव्हतं तर तसं सांगायचंस आई. डोळ्यांचं निमित्त कशाला?"

"निमित्त नाही रे बाळा..."

"असू दे. मी ड्राइव्ह करतोय. नंतर बोलू."

नंतर ते बोलले, पण औषधं घेतलीस का, जेवलीस का, एवढंच. चौदा एप्रिलला ती येणार होती, साहेबांनी "बघ तुझं तू" म्हटलं आणि ती आलीच नाही. जुलैमध्ये एका पहाटे झोपेतच तिचं हृदय थांबलं. साहेब नागपूरला जाऊन दोन आठवड्यांनी परतले. कोणाशी तरी फोनवर बोलताना ते म्हणाले, "आईला माझ्याकडे राहायचंच नव्हतं." हे वाक्य त्यांनी नंतरही तीनचारदा म्हटलेलं मी ऐकलं आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज आदल्यापेक्षा कोरडा झाला होता.

नोव्हेंबर आला. कोमल सोळा वर्षांची झाली आणि तिला शिकाऊ परवाना मिळाला. शिकणाऱ्याच्या शेजारी जाणतं माणूस बसावं लागतं, हा इथला नियम. त्यामुळे साहेब पहिल्यांदाच माझ्यासमोर येऊन बसले. त्या संध्याकाळीही तसाच बर्फाळ पाऊस होता. सरोवराच्या काठच्या रस्त्याने कोमल सावकाश निघाली.

"डॅड, लुक! हरीण!"

साहेब पुढे वाकले. "कुठे?"

"राइट देअर! दिसत नाही तुम्हाला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. डोळे चोळले. समोरून एक गाडी आली आणि तिच्या दिव्यांभोवती मी माझं ते मोठं, धुरकट वलय काढलं. साहेब त्या वलयाकडे बघत राहिले. मग हळूच मान वळवून त्यांनी कोमलसमोरची काच पाहिली. स्वच्छ. रस्ता, झाडं, पाणी, सगळं जिथल्या तिथे. पुन्हा त्यांनी आपल्यासमोर पाहिलं.

"गाडी थांबव, कोमल."

"आय डिडन्ट डू एनीथिंग!"

"थांबव बेटा."

ते उतरले. टोपी नाही, हातमोजे नाहीत. मला उचलून त्यांनी माझ्या धारेवरून बोट फिरवलं. फाटलेल्या जागी ते बोट अडलं आणि तिथेच राहिलं. कोमल धावत आली. "बाबा, व्हॉट हॅपन्ड?"

"आजीला इथून काही दिसत नव्हतं," साहेब म्हणाले. "ती खरं सांगत होती गं. मी एकदाही इथे बसून बघितलं नाही." आणि तो एवढा मोठा माणूस गाडीच्या बॉनेटवर हात टेकून रस्त्याच्या कडेला रडला. कोमलने त्यांना धरलं. मीही भिजत होतो, पण माझ्या भिजण्याला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी अठरा इंची नवा वायपर आला. मला साहेबांनी कचऱ्यात टाकलं नाही. गराजात, नजरेसमोर टांगून ठेवलं.

मित्रांनो, आम्हाला बदलायचं तेव्हा जोडीने बदला, बर्फ पडणार असेल तर दोघांनाही उचलून ठेवा, एवढं तर कोणीही सांगेल. मला सांगायचं आहे ते वेगळं आहे. तुमच्या शेजारचं माणूस "मला दिसत नाही" म्हणालं, तर त्याच्या डोळ्यांना दोष देण्याआधी एकदा त्याच्या जागेवर बसून बघा. त्याला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

थंडीच्या संध्याकाळी साहेब घरी येतात, उतरतात आणि आधी गाडीला वळसा घालून त्या नव्या आखूड वायपरला उचलून उभं करतात. पोरगा कामाचा आहे, त्याने पुसलेल्या काचेतून हरणाचे कान दिसतात. त्याच्यासमोरच्या जागेवर रोज डब्याची पिशवी बसते.