एवढा डाव होऊ दे

हातात तीन राण्या आल्या आणि नेमका तेव्हाच पडदा सरकला. दारात सिस्टरांचा मुलगा उभा होता.

सिस्टरांनी त्याला पाहिलं, पण हातातली पानं खाली ठेवली नाहीत. टेलरमास्तर दाराकडे पाठ करून बसले होते, त्यांना काही कळलं नाही. चष्मेवाला आपली पानं डोळ्यांजवळ नेऊन बघत होता. दुसऱ्यांना चष्मे विकणाऱ्या या गृहस्थाला स्वतःचा चष्मा कधी वेळेवर सापडत नसे. पोस्टमनने नुकतीच कोटाची दोन मोठी बटणं पुढे सारली होती. तो हूल देतोय हे सिस्टरांना त्याच्या लाल झालेल्या कानांवरूनच समजलं होतं. असा डाव महिन्यातून एखादा येतो.

"आई, घरी चल," मुलगा म्हणाला.

उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल टाकलं नाही. बेचाळीस वर्षांचा माणूस, खांद्याला ऑफिसची बॅग, एका मुठीत पडदा धरून उभा.

"आले रे. एवढा डाव होऊ दे."

शब्द तोंडातून निघून गेले आणि मग सिस्टरांना ते ऐकू आले. मुलाच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पडदा त्याने हळूच सोडला, त्याची चुणी नीट केली आणि तो निघून गेला.

"कोण होतं?" मास्तरांनी मान वळवली.

"माझा मुलगा."

"मग आत बोलवायचं की! चहा सांगितला असता."

सिस्टरांनी पानं उघडी करून टेबलावर ठेवली. "आयला, तीन राण्या!" पोस्टमन ओरडला आणि लगेच त्याने जीभ चावली. पुढचा डाव कोणी वाटला नाही.

सिस्टर मोठ्या इस्पितळात चौतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळी वस्ती त्यांना सिस्टरच म्हणे. यजमान कारखान्यात स्टोअरकीपर होते, पण कामावरून सुटले की ते सापडायचे टेलरमास्तरांच्या दुकानामागच्या या खोलीत. तेव्हा इथे पोकर पैशांवर चाले. त्या पोकरपायी घरातलं शिवणयंत्र गेलं, रेडिओ गेला, सहलीचे बेत तर किती गेले त्याची गणती नाही. सिस्टरांनी कधी आदळआपट केली नाही. मुलाला धुतलेल्या कपड्यांत, भरल्या पोटी वाढवलं आणि जास्तीच्या ड्यूट्या मागून घेतल्या. तीन वर्षांपूर्वी यजमान झोपेतच गेले. आयुष्यभर उशिरा येणारा माणूस जायच्या वेळी मात्र कोणासाठीही न थांबता गेला.

त्यानंतर महिन्याभराने सिस्टर या दुकानात आल्या त्या भांडायला. रस्ताभर वाक्यं घोळवत आल्या होत्या. आत येऊन बघतात तर तीन म्हातारे, मध्ये बटणांचा ढीग. मास्तरांच्या छातीत कळ येऊन गेल्यापासून डॉक्टरांनी ताण वर्ज्य केला होता, म्हणून पैसे बंद झाले होते. आता शर्टाचं बटण म्हणजे एक, कोटाचं बटण म्हणजे दहा. सिस्टरांची सगळी वाक्यं फुकट गेली.

"माझ्या संसाराची तीस वर्षं या खोलीत गेली," त्या एवढंच म्हणाल्या. "इथे काय आहे ते मला दाखवा तरी."

मास्तरांनी घाबरून स्टूल पुढे केलं आणि पाच पानं वाटली.

तिसऱ्या आठवड्यात सिस्टर तिघांनाही हरवू लागल्या. "काही दुखत नाही हो" म्हणणाऱ्या रोग्यांचे चेहरे त्यांनी चौतीस वर्षं वाचले होते. या तिघांना वाचायला काय लागतंय? आणि त्यांचा स्वतःचा चेहरा म्हणजे बंद कपाट. ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेले नातेवाईक आधी नर्सच्या तोंडाकडे बघतात, म्हणून ते तोंड कसं ठेवायचं हे त्या विसाव्या वर्षीच शिकल्या होत्या.

पण त्या यायच्या दुसऱ्याच कारणासाठी. पत्ते पिसताना हे तिघे यजमानांच्या गोष्टी सांगत. ते मॅनेजरची नक्कल कशी करायचे, हरल्यावर गाणी कशी म्हणायचे, हसता हसता एकदा खुर्चीवरून कसे पडले. घरी हा माणूस जेवायचा आणि झोपायचा. ते सगळं हसू आपल्या घराचं होतं आणि इथे सांडून गेलं, असं वाटून सिस्टरांना राग यायचा. राग यायचा तरी पुढच्या बुधवारी त्या ते ऐकायला हजर असायच्या. आणि लपवायचं कशाला, त्यांना खेळात मजाही येत होती. सुई चांगली टोचता, यापलीकडे त्यांचं कौतुक कोणी कधी केलं नव्हतं. इथे चष्मेवाला हात जोडून म्हणायचा, "सिस्टर, तुम्ही आमचे कपडे तेवढे अंगावर ठेवा."

मुलाला त्यांनी सांगितलं होतं, बुधवारी दुपारी वाचनालयात जाते. त्या बुधवारी त्याचं ऑफिस लवकर सुटलं म्हणून तो आईला घ्यायला वाचनालयात गेला. तिथला माणूस म्हणाला, "त्या इथे कुठे येतात? टेलरकडे बघा." सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, मुलगा तेवढा राहिला होता.

रोज पाच वाजता नातीला शाळेतून आणायचं, मुलाच्या घरी न्यायचं, सून कामावरून येईपर्यंत थांबायचं, असा सिस्टरांचा नेम होता. त्या दिवशीही त्यांनी तो चुकवला नाही. तीन जिने चढून नातीला घेऊन वर आल्या तर सून आधीच आली होती आणि मुलगा टेबलावर घोंगडी पसरून नातीच्या गणवेशाला इस्त्री करत होता.

"आई, तुम्ही बसा," सून म्हणाली आणि पोरीला घेऊन आतल्या खोलीत गेली. दार तिने ओढून घेतलं.

"बटणांवर खेळतो आम्ही," सिस्टर म्हणाल्या. "एक पैसा नसतो त्यात."

"मी पैशाचं बोललोच नाही."

"मग?"

"खोटं का सांगितलंस?"

"तुला आवडलं नसतं."

"नाहीच आवडलं." त्याने बाहीवरून इस्त्री फिरवली. "मला वाटत होतं आपण दोघं एका बाजूला आहोत. ते आणि त्यांचे पत्ते एका बाजूला, तू आणि मी एका बाजूला. तू तिकडे जाऊन बसलीस, आई."

"तिथे त्यांच्याबद्दल बोलतात रे. आपल्या घरात कोणी नावही काढत नाही."

"काढण्यासारखं काय ठेवलं होतं त्यांनी?"

इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास खोलीभर पसरला होता.

"तू मला पाठवायचीस," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "आठवतंय? 'जा, बाबांना म्हणावं आईने बोलावलंय. आत जायचं नाही, दारातूनच सांगायचं.' सात वर्षांचा होतो तेव्हापासून. मी दारातून सांगायचो. ते म्हणायचे, 'एवढा डाव होऊ दे.' मग मी पायरीवर बसायचो. कधी तास, कधी दीड तास. त्यांना मी आलोय हे आठवतही नसायचं."

"तू मला सांगायचास, येतायत म्हणाले."

"येतो असं ते कधी म्हणायचे नाहीत. मी मनानेच सांगायचो." तो थोडं हसला. "तुला बरं वाटावं म्हणून. तुला काय माहीत असणार म्हणा. तुला वाटायचं मी खरंच सांगतोय. तेवढं एक काम मला नीट जमायचं."

गणवेशाची घडी घालून त्याने ती खुर्चीच्या पाठीवर ठेवली.

"तू खेळ. मी कोण तुला नको म्हणणारा. पण आज त्या दारात उभा राहिलो आणि मला आत पाऊल टाकता आलं नाही, आई. या वयात."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सिस्टर दुकानात गेल्या. मास्तर मशीनवर होते. पँटची मांडी शिवून होईपर्यंत त्या काउंटरपाशी उभ्या राहिल्या.

"मी आता येणार नाही," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली. त्यांना अंदाज होताच. "मुलगा रागावला?"

"मास्तर, एक विचारते. माझा मुलगा लहान असताना बाहेर पायरीवर बसायचा. तुम्हाला दिसायचा तो?"

मास्तरांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"दिसायचा."

"मग?"

"डाव चालू असायचा, सिस्टर."

सिस्टर संतापल्या. तीन-चार घोडे होते आत, एकालाही त्या पोराला हाताला धरून घरी आणून सोडावंसं वाटलं नाही! त्या तावातावाने चालत राहिल्या, इस्पितळाच्या मागच्या रस्त्याने, बाजारातून, पुलावरून. पुलाच्या टोकाला येईपर्यंत तो राग मास्तरांवर टिकेना. मास्तरांनी निदान विचारल्यावर कबूल केलं होतं.

सात वर्षांचं पोर दारात येऊन "येतायत म्हणाले" सांगायचं तेव्हा त्याच्या चड्डीला मागे पायरीची धूळ असायची. एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायावर घासत ते उभं राहायचं आणि नजर भिंतीकडे असायची. रोग्याच्या पापणीवरून ताप ओळखणाऱ्या बाईला हे कळत नव्हतं? पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळूनही तिने पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा पाठवलं होतं. त्याच्या पुढच्याही. आणि हे आता सांगायलाच हवं असं कोणी म्हटलेलं नव्हतं. मुलाची समजूत होती की आईला त्याने कसं छान सांभाळलं. ती समजूत तशीच ठेवली असती तर घर पूर्ववत चाललं असतं.

संध्याकाळी नातीला घेऊन त्या वर आल्या. पोरगी हातपाय धुवायला पळाली. मुलगा स्वयंपाकघरात गाळणी शोधत होता.

"मी सोडलं ते," सिस्टर म्हणाल्या. "सकाळी जाऊन सांगून आले."

"माझ्यासाठी नको सोडूस."

"ऐकून घे आधी." त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "तू येतायत म्हणून सांगायचास ना, ते खोटं आहे हे मला कळायचं."

त्याने गाळणी खाली ठेवली. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

नळ थेंब थेंब गळत होता. मुलाने तो पिळून बंद केला, मग पुन्हा एकदा पिळला.

"मग परत का पाठवायचीस?"

याचं उत्तर सिस्टरांनी पुलापासून इथवर तयार केलं होतं. तुला बघून तरी उठतील असं वाटायचं, असं ते उत्तर होतं आणि ते तसं खोटंही नव्हतं. पण तोंड उघडल्यावर दुसरंच आलं.

"मी स्वतः गेले असते आणि ते उठले नसते, तर मला पुन्हा आपल्या घरात पाऊल टाकता आलं नसतं. तुला नाही म्हटलेलं मला सोसायचं."

सिस्टरांना वाटलं, आता हा ओरडेल, भांडी आपटेल. त्याने तसं काही केलं तर बरं होईल असंही त्यांना वाटलं. चेहरे वाचणाऱ्या त्या बाईला मुलाच्या चेहऱ्याकडे बघवेना. जीव तुटत होता आणि हात मात्र ओट्यावरचा चमचा सरळ करत होते.

"उद्यापासून पोरीला शाळेतून मी आणत जाईन," तो अखेर म्हणाला. "ऑफिसात बोलतो. काही दिवस."

"बरं."

"रागाने नाही म्हणत."

"कळतंय मला."

सिस्टरांनी पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. ड्यूटी संपताना पुढच्या पाळीच्या नर्सला एकेक रोगी समजावून सांगायचा, काही राहू द्यायचं नाही, ही सवय त्यांच्या हाडीमाशी गेली होती. त्या वळल्या आणि त्याच आवाजात सांगू लागल्या.

"पाण्याची बाटली वर्गात राहते तिची, रोज विचारायचं. डबा उरला असेल तर रस्त्यात रागवायचं नाही, घरी आल्यावर खाते ती. डाव्या बुटाची नाडी सुटते, पायऱ्यांआधी बघायची."

"हो."

"आणि पाचला म्हणजे पाचला जा. दुसऱ्या मुली पळत सुटतात, ही नाही. फाटकापाशी येऊन उभी राहते, आपण दिसेपर्यंत जागची हलत नाही. तिला ताटकळत ठेवू नकोस."

"नाही ठेवणार," तो म्हणाला.

आतून पोरीने हाक मारली, "आजी, चाललीस?" सिस्टरांनी चपला घातल्या, "हो गं," म्हणाल्या, आणि कठड्याला धरून जिना उतरू लागल्या.